चेनमीमांसक

रविवारी पहाटे सिंहगडाच्या घाटात रस्त्याकडेला उलटी केलेली माउंटन बाइक आणि तिच्याशेजारी उकिडवा बसलेला, कोपरापर्यंत काळा झालेला पंचेचाळिशीचा गृहस्थ दिसला, तर थांबू नये. पंक्चर असेल तर गोष्ट वेगळी. पंप दिला की तोही मोकळा, आपणही मोकळे. पण चेन तुटलेल्याला मदत नको असते, श्रोता लागतो. "परत तुटली," हे तो ज्या सुरात सांगतो त्यात दुःख औषधालाही नसतं. मुलगी पुन्हा वर्गात पहिली आली हे सांगणाऱ्या बापाचा तो सूर असतो.

चेनमीमांसक बहुधा हिंजवडीत वरच्या पदावर असतो. सॉफ्टवेअर का कोसळलं याची कारणं त्याच्या हाताखालची पोरं शोधतात आणि हा त्यावर सही करतो. त्यामुळे कारण शोधण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी त्याची समजूत झालेली असते. तुटलेल्या चेनींची त्याच्याकडे एक्सेल शीट आहे. तारीख, ठिकाण, हवा, चढ, वेग, आदल्या रात्रीचं जेवण. वजनाचा रकाना आहे, पण तो लपवून ठेवलेला आहे.

पहिला संशय चेन बनवणाऱ्यांवर असतो: "आता पूर्वीचा माल राहिला नाही हो." दुसरा पावसाळ्यावर. तिसरा तेलावर, आणि इथे मात्र आपण आपल्या जोखमीवर उभं राहायचं. उन्हाळी तेल वेगळं, पावसाळी वेगळं, आणि तेल लावणारेच मुळात अडाणी, मेण वितळवून त्यात चेन बुडवणारे खरे जाणकार. या संशोधनात घरातलं एक पातेलं कामी आलेलं असतं आणि त्याचा विषय घरात काढायचा नसतो.

मग मोजमाप. चेनीच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच, म्हणजे चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. वर एक सोळांश इंच भरला की पिना झिजल्या, चेन बदलायची वेळ झाली. हे सगळं अगदी बरोबर आहे. अडचण एवढीच की झिजलेली चेन घसरते, दाते खाते. तुटायचं काम ती सहसा करत नाही. याची तर नवी कोरी तुटते.

आणि आता, आवाज जरा खाली आणून, त्याचा लाडका सिद्धांत. "खरं सांगू का? माझ्या पायांत टॉर्क जरा जास्त आहे."

यावर हिशेब करून दाखवायचा मोह आवरावा. ऐंशी किलोचा माणूस पूर्ण वजनानिशी पेडलवर उभा राहिला आणि पुढे २२ दात्यांचं सगळ्यात छोटं चक्र असलं, तर चेनीवर ताण येतो सुमारे ३०० किलो. चेन सरळ ओढली तर आठशे किलोपर्यंत तरी तुटू नये अशी तिची परीक्षा घेतलेली असते. म्हणजे टॉर्कवाले दोघे एकाच पेडलवर चढले तरी ती हसत राहील. पण हे त्याला सांगणं म्हणजे देवळात जाऊन मूर्ती दगडाची आहे म्हणण्यापैकी.

शेवटी त्याला पेठेतल्या एका जुन्या सायकलवाल्याकडे नेलं. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा तासावर सायकली भाड्याने देणारं दुकान. काकांनी शीट पाहिली नाही. "तुटलेला तुकडा कुठंय?" एवढंच विचारलं.

तो दर वेळी दरीत फेकलेला.

मग काकांनी सायकलीवर उरलेलं टोक चष्मा वर करून पाहिलं. पत्ती फाटलेली नव्हती. पिनेवरून बाजूला निघून वाकली होती. "आडवी ओढ बसलीय साहेब. चढावर उभं राहून, पुढचा गिअर टाकता ना? चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर तिरकी जात असते आणि तुम्ही वरून नाचता. आणि ही पिन कुणी ठोकली?"

पिन अर्थातच स्वतः ठोकलेली. वडिलांच्या काळ्या सायकलीवर शिकलेली विद्या. ती चेन जाड, गिअर एकच. पिन काढा, परत घाला, वर्षानुवर्षं चालायची. नऊ गिअरची पातळ चेन असला पाहुणचार घेत नाही. तिच्या पिनेचं टोक कारखान्यात दाबून पसरवलेलं असतं. एकदा बाहेर ढकललं की ती कडा सोलवटते, आणि तीच पिन परत घातली की पुढच्या चढाला पत्ती निसटते. तिथे नवी जोडकडी लागते, तीही नऊचीच. दहाची चालत नाही.

"गिअर टाकताना पाय ढिला सोडा. आणि चढ लागायच्या आधी टाका," काका म्हणाले.

"ढिला म्हणजे किती?"

"ते पायाला कळतं."

आता 'पायाला कळतं' हे एक्सेलमध्ये कुठे भरणार? त्याने पेडलची ताकद वॅटमध्ये दाखवणारा मीटर मागवला. किंमत ऐकून आम्ही चहा खाली ठेवला. पुढच्या रविवारी घाटात तो आकड्याकडे इतका टक लावून होता, योग्य वॅट येण्याची इतकी वाट पाहत होता, की गिअर टाकायचाच राहिला. अख्खा चढ त्याने एकाच जड गिअरवर रेटला. चेन शाबूत! वर दह्याच्या मडक्यासमोर बसून त्याने मीटरचं कौतुक केलं, आणि मग जरासा वाकून उजवा गुडघा चोळला.

गुडघ्याची शीट सोमवारी उघडली. पहिला संशय बुटांवर आहे.