गॅस गेला असेल!

नागपुरात एसी बिघडतो तो नवतप्यातच. रोहिणी नक्षत्र लागावं, पारा ४५ च्या वर सरकावा, पुण्याचे पाहुणे घरी उतरलेले असावेत आणि जेवून सगळे एकाच खोलीत आडवे व्हावेत, मग यंत्र मान टाकतं. याला लोक योगायोग म्हणतात. तो नाही, पण त्याकडे नंतर येतो.

आमच्या एसीची तक्रार चमत्कारिक होती. भिंतीवरचा डबा वारा व्यवस्थित सोडत होता. २०२० पासूनच्या सरकारी नियमाप्रमाणे रिमोटवर २४ चा आकडाही शहाण्यासारखा झळकत होता. वारा मात्र थोडा वेळ गार, मग कोमट, मग सीताबर्डीच्या भर दुपारच्या रस्त्याशी नातं सांगणारा. बऱ्याच वेळाने पुन्हा जरा गार. मग परत तेच.

"गॅस गेला असेल," मेहुणे डोळे न उघडताच म्हणाले.

स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमुळे आपली अशी पक्की समजूत झाली आहे की गॅस ही महिनाअखेरीस संपणारी वस्तू आहे. एसीतला गॅस जळत नाही, खर्चही होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. नळी कुठे गळली तरच तो कमी होणार. अशा वेळी गळती न बुजवता गॅस भरून घेणं म्हणजे मेकॅनिकच्या पुढच्या उन्हाळ्याची तरतूद. पण हे मेहुण्यांना कोण सांगणार? ते पाहुणे, शिवाय बहिणीचे यजमान.

बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. सासूबाईंचा संशय स्टेबिलायझरवर होता. त्यांचा तो टीव्हीच्या काळापासून आहे. भाच्याने रिमोटचे सेल काढले, चोळले, पुन्हा घातले आणि "सॉफ्टवेअरचा इश्यू" जाहीर केला. बहिणीने जाळी धुवायला लावली. ती खरोखरच मळलेली निघाल्यामुळे बहिणीचा शब्द संध्याकाळपर्यंत वजनदार राहिला. निदानं सगळी सावलीत बसून चालली होती. एसीचा अर्धा संसार गच्चीवर उन्हात आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच कोणी त्याचं नाव काढत नव्हतं.

शेवटी बायको वर गेली, पण एसीसाठी नव्हे. जुन्या साडीवर कुरड्या वाळत होत्या, त्या उलटायच्या होत्या. खाली आली ती घाम पुसत. "बाहेरचा पंखा फिरतच नाहीये. नुसता घूंऽऽ करतोय."

मग आमची वरात गच्चीवर. आउटडोअरच्या जाळीत कडुनिंबाची वाळकी पानं अडकलेली, पात्यावर धुळीचा थर, आणि पातं जागच्या जागी किंचित थरथरतंय. आत कॉम्प्रेसर तापून लाल व्हायच्या बेतात. पंखाच फिरत नसेल तर खोलीतून आणलेली उष्णता जाणार कुठे? कॉम्प्रेसर तापतो, त्याच्या डोक्यावरचा संरक्षक स्विच त्याला बंद पाडतो, निवला की पुन्हा सुरू करतो. खालचा गार-कोमटाचा खेळ तो हाच.

ज्याची हयात कूलरसमोर गेली त्या वैदर्भीयाला हा आजार नवा नाही. बायकोने कुरड्यांवरचे कावळे हाकायची बारीक काठी जाळीतून घातली, पात्याला हलकेच ढकललं आणि झटकन काढून घेतली. पंखा गरगरू लागला. ढकलल्यावर फिरतो म्हणजे मोटार शाबूत, बेअरिंग शाबूत, दोषी कपॅसिटर. या मोटारीचा स्वभाव आमच्या घरातल्या पुरुषमंडळींचा आहे. गुरगुर पुष्कळ, पण "उठा आता" असं कोणी म्हटल्याशिवाय बूड हलत नाही. ते म्हणण्याचं काम कपॅसिटरचं. एकदा उठवलं की मग ती चालते.

मेकॅनिक आला आणि खालूनच म्हणाला, "गॅस कमी झाला असन भाऊ. भरून देऊ का?" मेहुण्यांचा चेहरा उजळला.

"आधी कपॅसिटर मोजा," बायको म्हणाली.

त्याने एमसीबी पाडला, पत्रा उघडला आणि पेचकसाने कपॅसिटरची दोन टोकं जोडली. चट् करून ठिणगी उडाली तसे मेहुणे कुरड्यांच्या साडीपर्यंत मागे सरले. वीज बंद केली तरी या डबीत ती साठून राहते. डबीवर लिहिलं होतं ५०+२.५, मोठा आकडा कॉम्प्रेसरचा, धाकटा पंख्याचा. डोकं फुगून वर आलेलं. मीटरवर धाकटा आकडा एकापर्यंतसुद्धा पोचेना. "हा तं गेला ना बाप्पा!" मेकॅनिक म्हणाला.

दीड टनाचा एसी म्हणजे २४ तासांत दीड टन बर्फ वितळवील इतकी उष्णता घरातून उपसणारं यंत्र. ते अडीच मायक्रोफॅरडपायी अडलं होतं. कपॅसिटरचं आयुष्य उष्णता खाते. तापलेल्या स्लॅबवरच्या पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षं बसलेला तो नवतप्यात नाही मरणार तर काय संक्रांतीला? नवा काही शे रुपयांत बसला, आणि मेकॅनिकने गॅसचं नावही पुन्हा काढलं नाही. मेहुण्यांनी ते जेवताना काढलं.

तेव्हा वाचकहो, एसी गार-कोमट खेळू लागला तर मेकॅनिकला फोन करण्याआधी बाहेरचा पंखा पाहून या. नुसता घुमत असेल तर एमसीबी पाडा, पत्रा स्वतः उघडू नका, आणि मेकॅनिक आला की पहिल्यांदा कपॅसिटर मोजायला लावा. इन्व्हर्टर एसीला हे काठीचं निदान बहुधा लागू पडत नाही; तिथे पंख्याचा कारभार सर्किट बोर्डाकडे असतो. आणि गच्चीवर जाल ते डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून.