लिटरवाला

कसबा पेठेत खोली खणांत मोजणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याच घरात वाढलेली एक नवी जमात आता कॉम्प्युटर लिटरमध्ये मोजते.

लिटरवाला साधारण पस्तिशीचा, कामाला हिंजवडीला, राहायला वाड्यातल्या दोन खोल्यांत. खिशात टेप. कॉम्प्युटरच्या दुकानात शिरल्यावर, पुणेकर असूनही, तो आधी भाव विचारत नाही. कॅबिनेटला टेप लावतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले हजार. ‘साडेअकरा लिटर,’ असं पुटपुटतो आणि नापसंतीनं टेप मिटतो. चारचौघांच्या घरातला टॉवर चाळीस-पन्नास लिटरचा असतो. त्याला हा ‘कपाट’ म्हणतो.

त्याच्यापुढे मदरबोर्डाचा विषय काढू नये. निघालाच तर चहा मागवून घ्यावा. इंटेलनं १९९५ साली एटीएक्स आणला, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. दोन वर्षांनी त्याचा आखूड भाऊ मायक्रो एटीएक्स आला, २४४ बाय २४४. मग २००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीनं मिनी आयटीएक्स काढला. १७० बाय १७०! हा आकडा सांगताना लिटरवाला आपोआप ताठ बसतो. मानाचा पहिला गणपती कोणता हे कसब्यात कुणाला विचारावं लागत नाही; त्याच्या लेखी मदरबोर्डांतही मान ठरलेला आहे.

शहाण्याचं माप खरं तर मायक्रो. त्यात रॅमचे बहुतेकदा चार स्लॉट, कार्डांना दोन-तीन जागा, नेहमीचा एसएमपीएस चालतो आणि खिशाला परवडतो. आयटीएक्समध्ये रॅमचे स्लॉट दोन, कार्डाला जागा एकच. लहान कॅबिनेटला एसएमपीएससुद्धा लहान, एसएफएक्स मापाचा लागतो, आणि तो महाग. म्हणजे जागा कमी, पैसे जास्त. पेठेत जन्मलेल्या माणसाला हा हिशेब इतका ओळखीचा आहे की त्यात काही खटकण्यासारखं आहे हेच लिटरवाल्याच्या ध्यानात येत नाही.

दुकानदार आपलं कर्तव्य करतो. “साहेब, मायक्रो घ्या. उद्या एखादं कार्ड वाढवायचं झालं तर?”

“वाढवून ठेवू कुठे?”

“बरं, आयटीएक्स घ्या, पण कॅबिनेट जरा मोठं घ्या. स्क्रूची भोकं जुळतात.”

जुळतात हे खरंच आहे. लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये सुखानं बसतो, उलटं जमत नाही. दोन खोल्यांतली सून वाड्यात नांदते, वाड्यातली सासू दोन खोल्यांत नांदत नाही. पण लिटरवाल्याला तडजोडच नको असते. त्याला कोनाडा गाठायचा असतो.

हा कोनाडा म्हणजे वाड्याच्या जाड भिंतीतला, एके काळी दिव्याचा. त्याची मापं लिटरवाल्याच्या मोबाइलमध्ये आहेत. साडेनऊ लिटरचं कॅबिनेट त्यात बसतं. फक्त गरम हवेला बाहेर जायला वाट राहत नाही. प्रोसेसरवरचा ३७ मिलिमीटरचा बुटका कूलर जीव तोडून फिरू लागतो. “पंख्याचा आवाज असह्य आहे रे,” असं तो मित्राला फोनवर सांगतो, तेव्हा मागे तांबट आळीतले हातोडे सकाळपासून चालू असतात. ते त्याला ऐकूच येत नाहीत.

तांब्याचा हीटसिंक घेऊन तो एकदा आळीतल्या काकांकडेही गेला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पातळ पात्यांवरून नख फिरवलं, किर्रर्र आवाज झाला.

“मठारलेलं नाही हे.”

“नाही, मशीनचं काम. उष्णता ओढायला.”

“बंबासारखं?”

“उलटं. थंड ठेवायला.”

“किती लिटरचं?”

हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणी विचारला होता. लिटरवाला उजळला. “साडेनऊ!”

“एवढ्यात अंघोळ व्हायची नाही,” म्हणून काकांनी हातोडा उचलला.

शेवटी यंत्र टेबलावर येतं. शेजारी, आत मावली नाही म्हणून जादा हार्डडिस्क. यूएसबी पुरत नाहीत म्हणून हब. हबाला वेगळा अ‍ॅडॉप्टर. या पसाऱ्याचे लिटर काढायला कुणी सुचवलं तर तो विषय बदलतो. काम म्हणाल तर लाइट बिल भरणं आणि इतरांची कॅबिनेटं बघणं.

आणि माळ्यावर खोकी. कॅबिनेटचं, बोर्डाचं, एसएमपीएसचं, थर्माकोलसकट. वॉरंटी संपेपर्यंत एकही टाकायचं नाही अशी घरात ताकीद आहे. खोक्यांना जागा हवी म्हणून आईच्या लोणच्याच्या बरण्या माळ्यावरून उतरल्या. आईनं त्या रिकाम्या कोनाड्यात लावल्या. पहिल्याच फटक्यात बसल्या, टेपही लावावी लागली नाही.