आधी अट ऐका

धारूरच्या बसस्टँडवर पांढरा शर्ट घातलेल्या आणि खिशाला दोन पेनं लावलेल्या माणसाला वेळ विचारू नये. मनगटावर घड्याळ असतं, पण ते बघून सांगणं त्याला कमीपणाचं वाटतं. "मध्यरात्रीपासून जेवढा वेळ गेला, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा पुढच्या मध्यरात्रीला उरलाय. काढा." विचारणारा बोटांवर चोवीस तासांच्या चार वाटण्या करतो, तीन गेल्या आणि एक उरली हे त्याच्या ध्यानात येतं, संध्याकाळचे सहा वाजल्याचं उमगतं, आणि तेवढ्यात सहाची गाडी स्टँडाबाहेर पडलेली असते.

हे कोडंवाले गुरुजी. तालुक्याच्या प्रत्येक गावाला असा एक नमुना असतोच. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिष्यवृत्तीच्या पोरांकडून आयुष्यभर बुद्धिमत्ता चाचणी घोटून घेतली. नोकरी संपली, चाचणी संपली नाही. आता सगळं गाव वर्गात बसलंय आणि सुट्टीची घंटा कोणी देत नाही. तेलगावकडची गाडी आली नाही की गुरुजी चहा ढवळत तर्क मांडतात : आकाश कोरडं, आज संप नाही, ड्रायव्हर जुना, म्हणजे घाटात ट्रक अडकला. हा तर्क सहसा चुकत नाही. आमच्या अरुंद घाटाची त्यांना मोठी साथ आहे.

सुडोकूवर त्यांचा विशेष जीव. नाव जपानी, पण १९७९ साली तो मांडला हॉवर्ड गार्न्स नावाच्या अमेरिकी माणसानं, आणि गुरुजींपर्यंत येतो तो हॉटेलातल्या भज्यांना गुंडाळून. तेलानं कागद पारदर्शक झालेला असतो, मागच्या पानावरचे सोन्याचे भाव पुढच्या चौकटीत उमटलेले असतात. गुरुजी कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे करतात आणि मगच सोडवायला घेतात. भजी तोवर गार होतात. ती दुसरंच कोणीतरी खातं. ते कोण, हे मात्र त्यांना कधी ओळखता आलेलं नाही.

दैवत एकच : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूत जन्मलेला, देवळालीला शाळामास्तरकी केलेला माणूस. 'मास्तर' या शब्दावर गुरुजी जरा जास्तच थांबतात. कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत आपला शोध मांडला. अनेक विद्वानांनी त्यांना हसण्यावारी नेलं. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा कुठं जगाला मास्तर कळला. शोध असा : चार अंकी आकडा घ्या, त्याचे अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेले वजा करा, येईल त्याचं पुन्हा तसंच करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथंच मुक्काम करतो.

ही वजाबाकी गुरुजी गाड्यांच्या नंबरांवर करतात. एमएच ४४ असो की २३, गाडी दिसली की पेन निघालंच. ३५२४ आली : ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७, ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२, ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. "पोचली!" गुरुजी ओरडतात. गाडीवाला ब्रेक मारून मागं बघतो.

एकदा स्टँडासमोर पांढरी स्कॉर्पिओ येऊन थांबली. नंबर ७७७७. गाडीपेक्षा नंबराचाच रुबाब जास्त. गुरुजींनी कागदाकडं बघितलं आणि पेनाला टोपण लावलं. "उतरता मांडा, चढता मांडा, तेच. वजाबाकी शून्य. चारी अंक सारखे असले की कापरेकरांच्या हिशोबात ती गाडी कुठंच पोचत नाही."

गाडीला टेकलेल्या कार्यकर्त्यानं मान वळवली. "काय म्हणले गुरुजी?"

"काही नाही. साहेबांचा नंबर अपवादात्मक आहे म्हणालो."

कार्यकर्ता खूश झाला. साहेबांना सांगायला आत गेला.

अभ्यासिकेतली भरतीची पोरं त्यांना मानतात, पण लांबून. 'माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाची मुलगी माझी कोण?' हे त्यांनी विचारलं, तेव्हा एका पोरानं उलट विचारलं, "गुरुजी, एकुलता एक हे तलाठ्याकडं नोंदलंय का? न्हाई म्हणजे, चुलता मागून निघतो." गुरुजी त्यावर दोन दिवस विचार करत होते.

त्यांची खरी परीक्षा दसरा-दिवाळीच्या सुमाराला होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रकात भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं चढतात. यंदा गुरुजी तिथं जाऊन उभे राहिले. "आक्का, आधी अट ऐका. माणसं एकवीस, फडावर कोप्या बारा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. जोडप्याला एक कोपी, एकट्यालाही एक. तर अर्धे कोयते किती?" उत्तर सोपं आहे : सगळ्या कोप्यांत जोडपी धरली तर चोवीस माणसं व्हायला हवीत, तीन कमी पडतात, म्हणून तीन.

आक्कानं गठुडं वर फेकलं. "एकट्याला कोपी कोण देतंय? त्यो भावाच्या कोपीत, न्हाईतर ट्रॅक्टरखाली. आन् लेकरं कुठं धरली?"

"लेकरं कोयत्यात धरत नाहीत."

"कोपीत झोपत्यात की."

गुरुजींना राग येत नाही, हा त्यांचा मोठा गुण. त्यांनी लगेच मांडलेलं खोडलं आणि नवीन अट घालून पुन्हा मांडायला लागले. तोवर आक्का म्हणाली, "आता मपलं काढा. दरसाल उचल घेतो, दरसाल तोडून फेडतो, दरसाल बाकी वाढती. कसं?"

गुरुजींनी बराच वेळ कागदावर रेघोट्या मारल्या. "आक्का, यात अट अपुरी आहे."

"अट मुकादमाच्या वहीत हाय."

गुरुजी दोन्ही पेनं घेऊन मुकादमाकडं निघाले आणि वही मागू लागले. मुकादमानं ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं.