व्होल्टाची रुजुवात

नव्या पेठेतून हौसेने आणलेल्या दोन स्वस्त डिजिटल मल्टिमीटरांनी एकाच सेलसंबंधी, एकाने १.५८४ तर दुसऱ्याने १.६०१ व्होल्ट, असा परस्परविरोधी जबाब तितक्याच निर्विकार चेहऱ्याने नोंदविला, तेव्हा सत्य एकच असते या माझ्या बाळबोध श्रद्धेस तडा गेला. पंच नेमणे प्राप्त होते. म्हणून टीएल-४३१ नामक तीन पायांच्या चिमुकल्या आयसीस एक रेझिस्टर आणि बॅटरी जोडून २.४९५ व्होल्टांचे घरगुती प्रमाण मी सिद्ध केले. परंतु तपशील वाचता असे आढळले की, मीटरास अर्धा टक्का आणि वर दोन-चार आकडे चुकण्याची मुभा असली, तरी साध्या प्रतीचे हे मुनसफ स्वतःच सुमारे दोन टक्के चुकण्याची सनद घेऊन जन्मास येतात. म्हणजे आरोपीहून न्यायाधीशच अधिक संशयित!

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत प्रमाण व्होल्ट जोसेफसन परिणामाच्या आधारे, द्रव हेलियमच्या उणे २६९ अंश गारठ्यात जपतात. वैशाखात चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात तो टिकावा कसा? अखेर दोन्ही जबाबांची सरासरी काढून, तीस सत्य असे नामाभिधान देऊन, मी प्रकरण दप्तरी दाखल केले. घड्याळ मात्र त्याच सेलवर बिनतक्रार चालले आहे.