चौथी सीट, पाचवा मणका

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून सुटलेली पहिली लोकल ‘बॅकबे’ स्थानकाला गेली. विरारकरांच्या पाठीचं भविष्य तेव्हाच वर्तवलं गेलं असावं.

आता ती चर्चगेटला जाते, साठेक किलोमीटर. तिघांच्या बाकावर चौथा अर्ध्या मांडीवर टेकतो. कंबर बाकावर, माणूस वाटेत. संध्याकाळी उतरलं की खड्ड्यांतून शेअर रिक्षा. उरलेले मणके ती मोजून देते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि बहुतेकांच्या दुखण्यामागे नेमकं कारण सापडत नाही. (विरारकराला विचारलंच नसणार!)

डॉक्टर सांगतात, झोपून राहू नका, हिंडतेफिरते राहा. सल्ला बरोबरच आहे. फक्त त्यांनी एकदा सकाळच्या विरार फास्टमध्ये हलून दाखवावं.