आजी, जेवणानंतर

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, हे सायबेरियन हस्कीला कुणी आधी सांगितलं नसावं. अंगावर केसांचे दोन थर घेऊन बर्फात गाड्या ओढणारं हे जनावर शेजारच्या फ्लॅटमध्ये वास्तव्यास आलं आणि भूतदयेचा नवा अध्याय सुरू झाला. घरातला एकमेव एसी तातडीनं त्याच्या सेवेत रुजू झाला. त्या खोलीत झोपणाऱ्या आजी स्वेच्छेनं गॅलरीतल्या कूलरपाशी गेल्या. (स्वेच्छा चिरंजीवांनी कळवली.) रेबीजची लस, जंतांचं औषध, गोचिडांची तपासणी, सगळं कालनिर्णयावर लाल शाईत. आजींच्या बीपीच्या गोळ्यांची नोंद ठेवावी लागत नाही, त्या कधीच्याच संपल्यात.

एवढं करूनही हस्की उदास. दार ओरबाडतो, हेल काढून रडतो. डॉक्टरांनी निदान केलं : एकटेपणाची चिंता. माणसाची सोबत हवी, शांत स्वभावाची, दिवसभर घरात असणारी.

चिरंजीवांनी उपचारात हयगय केली नाही. आजी आता रोज एसीत बसतात. फ्रिजवर तसा कागदच चिकटवलाय : ‘आजी, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.’

जेवण अर्थातच हस्कीचं.