रसप्राशन आणि कंबरेचा घेर

नवी मुंबईत बेलापूरजवळ खाडीकाठी वसलेल्या दिवाळे या कोळीवाड्यात वजन घटवण्याचा संकल्प बहुधा सोमवारी किंवा गुरुवारी सोडला जातो, आणि हे वार अनेक घरांत मासळीला वर्ज्य असल्याने त्याला वैराग्याचे श्रेय विनासायास मिळते. या संकल्पाचे दृश्य रूप म्हणजे घरी काढलेला फळांचा रस. तुर्भ्याचा घाऊक फळबाजार जवळ असल्याने संत्री-अननसांची वाण पडत नाही. वाण पडते ती मिक्सरचे भांडे आणि गाळणी धुणाऱ्या माणसाची, आणि या उपक्रमात कोणाचे वजन उतरलेच, तर ते त्याचेच उतरावे.

पेलाभर, म्हणजे सुमारे 200 मिलिलिटर, संत्र्याच्या रसाला तीन-चार फळे लागतात. त्यांतला चोथा, म्हणजे पोट भरल्याची जाणीव देणारा तंतुमय भाग, गाळणीत राहतो आणि सतराएक ग्रॅम साखर तेवढी पेल्यात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 च्या मार्गदर्शिकेत रसातील ही साखर ‘मुक्त शर्करा’ या वर्गात, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच पंक्तीला, बसवली असून तिचे प्रमाण दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली ठेवण्यास सांगितले आहे. त्यामुळे ‘आम्ही वरून चिमूटभरही घालत नाही’ हा घरोघरचा अभिमान तपासणीत टिकत नाही.

मोठी गफलत मात्र पुढेच आहे, कारण रस जेवणाऐवजी न येता जेवणाआधी येतो. पेला रिता करून पाम बीच रस्त्यावर पायपीट केलेल्या साधकाला सणसणून भूक लागते, आणि बुधवार उजाडला की गावच्या मासळी बाजारात ताजे बोंबील आलेले असतात. बोंबलावर आळ घेणे अन्यायाचे होईल, त्याच्या देहात पाणीच फार आणि चरबी अत्यल्प. वजनाची व्यवस्था त्याला लावलेला रवा, तळणीचे तेल आणि तांदळाची तिसरी भाकरी पाहतात, तरी दोषारोप मासळीवर होतो आणि पापक्षालन अननसाकडे सोपवले जाते.

वनस्पतिशास्त्र दुधीलाही फळच मानते, म्हणून त्याच्या रसाचा विचार येथे अप्रस्तुत नाही. तो कडू लागल्यास तत्काळ ओतून द्यावा, कारण कडू दुधीतील कुकुर्बिटासिन हे विषारी द्रव्य जीवावर बेतू शकते. औषध कडूच असते, ही श्रद्धा अशा वेळी कामाची नाही.

संत्रे सोलून खाल्ल्यास चोथाही पोटात जातो, आणि एका बैठकीत चार संत्री सोलण्याचा उत्साह फारच थोड्या माणसांत असतो.